बिघडलं तर बिघडू द्या

पालकहो, आपल्या मुळशी तालुक्यात मला दोन तऱ्हेची घरं दिसतात. हिंजवडी-भूगावच्या सोसायट्यांमध्ये वाढदिवसाला महागडं रोबोटिक्स किट येतं, पुस्तिकेबरहुकूम जोडलं जातं, व्हिडिओ आजी-आजोबांना जातो आणि किट माळ्यावर. कोळवण-मालेकडे पोरानं बंद पडलेल्या रेडिओला हात लावला, की "ठेव खाली, शॉक बसेल!" घरं वेगळी, पण पोराला काही बिघडवायची मुभा दोन्हीकडे नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो फार नाही. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास ट्रान्झिस्टर, एलईडी, रेझिस्टर काही रुपयांना सुटे मिळतात. ब्रेडबोर्ड, बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेतली की सुरुवात झाली. पण त्याआधी साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. तो असला की मूल अंदाजाने वायरी हलवत बसत नाही, मोजून बघतं.

आता करायचं काय? घरातली कटकट शोधा. टाकी वाहून जाणं आपल्याकडे रोजचंच. मोटर चालू करून आपण फोनवर बोलत बसतो आणि शेजारच्या काकूंनी हाक मारली की धावतो. टाकीच्या तोंडाशी दोन उघड्या वायरी थोड्या अंतरावर सोडायच्या. पाणी टेकलं की त्यातून जरासा करंट जातो. तेवढ्यावर बझर वाजत नाही, पण तोच करंट रेझिस्टरमधून बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला दिला, की त्याच्या शंभर-दोनशे पट करंट बझरला मिळतो आणि तो बोंबलायला लागतो. पाचवी-सहावीतल्या पोरालाही एका दुपारी जमेल.

खरी गंमत पुढे आहे. आषाढात, टाकी अर्धी असताना, रात्री दोन वाजता बझर वाजतो. आपल्या पावसात सगळंच ओलं. वायरी जिथे बांधल्यात त्या पट्टीवर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि करंटला वाट मिळते. अशा वेळी "काढून टाक ते" म्हणू नका. बॅटरी काढून झोपा आणि सकाळी त्याला शोधू द्या. वायरी एकमेकींपासून लांब करील, पट्टी बदलील, किंवा कुणाला तरी विचारून ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या पायांमध्ये मोठा रेझिस्टर टाकील, म्हणजे किरकोळ गळती परस्पर निघून जाते. मग कधीतरी बझर गप्पच होतो. बघावं तर एक वायर हिरवी पडून झिजलेली, दुसरी जवळजवळ तशीच. एकच का? ती बॅटरीच्या धन टोकाकडची. विज्ञानाच्या पुस्तकातलं विद्युत अपघटन तिथे टाकीवर घडत असतं. तांब्याऐवजी स्टीलचे स्क्रू लावायचं मग त्यालाच सुचेल. तुम्हाला येत असलं तरी आधी सांगू नका. हिंजवडीच्या इंजिनिअर बाबांना हे फार जड जातं, ठाऊक आहे मला.

हाताने करत शिकण्याची वाट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग करत शिकली. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबची, म्हणजे वस्तू घडवायच्या कार्यशाळेची, अमेरिकेबाहेरची अगदी सुरुवातीची शाखा याच पाबळला निघाली.

भीतीचंही बोलू, कारण ती खोटी नाही. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटशी खेळ नाही, हे निक्षून सांगा. मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं, म्हणून माझ्या मते सातवीच्या आधी ते नकोच; नंतरही खिडकीजवळ, मोठं माणूस शेजारी असताना. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं, तेव्हा काम झालं की साबणाने हात धुवायचे. बाकी मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला १९२७ पासून वीज करतंय. त्याच तालुक्यात पोराला नऊ व्होल्टच्या बॅटरीची धास्ती घालावी, हे काही पटत नाही.

आणि एक करा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटीच्या दुर्बिणीपाशी, विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळकरी मुलं आपापले प्रयोग मांडून बसलेली असतात. मुळशीहून सकाळी लवकर निघावं लागेल. तिथे सगळी टेबलं बघायची घाई करू नका. पोरगं एकाच टेबलाशी तासभर रेंगाळलं तर रेंगाळू द्या, तोवर तुम्ही चहा घेऊन या.