चिरंजीवास, पुढच्या बाटल्या भरण्याआधी

घरी केलेल्या बिअरची बाटली फुटते ती जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: आत साखर शिल्लक असताना झाकण बसवले जाते. यीस्ट ती साखर खात राहते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होत राहतो, आणि वायूला बाहेर पडायला वाट नसते. पोर्टलंडच्या भाड्याच्या घरात कपड्यांच्या कपाटात दोन बाटल्या फुटल्या आणि काच दारापर्यंत उडाली, ही बातमी कोथरूडला ताईच्या कानावर रूममेटच्या आईकडून आली. त्यात खरे किती आणि वाढवलेले किती, हे चिरंजीवच जाणोत. पण कपाट उघडताना हात पुढे असतो आणि डोळे बाटल्यांच्याच उंचीवर. तेवढ्यासाठी मामाचे हे पत्र.

त्या खेपेच्या उरलेल्या बाटल्यांचे आधी बघावे. डोळ्यांना संरक्षक चष्मा, हातात जाड मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचे जाड जाकीट. एकेक बाटली जाड टॉवेलात गुंडाळून, न हलवता फ्रिजमध्ये ठेवावी. थंडाव्याने यीस्ट मंदावते, वायू द्रवात जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. एक दिवस गेला की टॉवेल तसाच ठेवून, बेसिनवर धरून झाकण हळूहळू सैल करावे. बिअर वाया गेली तर जाऊ द्यावी.

ताईची भीती वेगळी आहे. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तेव्हापासून ‘घरची दारू’ हे शब्दच तिला सोसत नाहीत. तिथे दारूत मिथेनॉल होते. माल्ट आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते नगण्य असते. हे तिला चिरंजीवांनीच शांतपणे सांगावे, मामाचे ती ऐकत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली: एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, तीही विकायची नाही. ही मोकळीक आंबवण्यापुरती आहे. ऊर्ध्वपातनाच्या वाटेला कोणाच्याही सांगण्यावरून जाऊ नये. आणि पुण्याला परतताना हे सामान बरोबर आणू नये. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणे गुन्हा आहे.

आता मूळ कृती. नवशिक्याने धान्य भिजवून त्यातली साखर काढण्याच्या फंदात पडू नये, तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट घ्यावा. १९ लिटरच्या खेपेला ३ किलो पातळ एक्स्ट्रॅक्ट पुरतो. तो घालताना शेगडी बंद करावी, नाहीतर तळाला लागतो. मग तासभर उकळी. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकलेले सुगंध. कॅस्केड ही जात पहिल्या खेपांना चांगली. ती ओरेगनमध्येच कॉर्व्हालिसला तयार झाली आणि १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. नंतर पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट थंड करावे, थंड पाणी घालून १९ लिटर भरावेत आणि २० अंश सेल्सिअसच्या आसपास कोरडे एल यीस्ट, ११ ग्रॅमचे पाकीट, वर भुरभुरावे.

उकळी बंद झाल्यावर बिअरला जे जे लागेल ते निर्जंतुक हवे: बादली, नळी, एअरलॉक, चमचा, पाकीट कापायची कात्रीसुद्धा. आजी लोणच्याची बरणी उन्हात कशी वाळवायची आणि ओल्या हाताने कोणी चमचा घातला तर काय बोलायची, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. शिस्त तीच ठेवावी, फक्त उन्हाच्या जागी धुवावे न लागणारे निर्जंतुक द्रावण वापरावे.

खरा प्रश्न पुढचा आहे, आणि तो घाईचा आहे. दीड-दोन दिवसांत फेस येतो, एअरलॉकमधून बुडबुडे सुटतात. आठवड्यात ते थांबतात आणि मुलाला वाटते, झाले. बुडबुडे थांबणे हा पुरावा नव्हे. पोर्टलंडच्या हिवाळ्यात रात्री हीटर बंद राहिला की यीस्ट गारठून अर्ध्यावर थांबते. तीच बिअर बाटलीत भरून उबदार कपाटात ठेवली की यीस्ट पुन्हा जागे होते.

पुरावा एकच, हायड्रोमीटर. वरच्या प्रमाणात सुरुवातीची घनता साधारण १.०४७ येते आणि साध्या एल यीस्टने ती १.०१२ च्या आसपास उतरते, अल्कोहोल ४.६ टक्क्यांच्या जवळपास. नमुना उंच नळीत घ्यावा, हायड्रोमीटर बोटांनी हलकेच फिरवून चिकटलेले बुडबुडे झटकावेत, डोळे पातळीवर आणून खालच्या वक्रावरचा आकडा वाचावा. नमुना परत बादलीत ओतू नये, चाखून बघावा. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला, आणि तो अपेक्षेजवळ असला, तरच बाटल्या काढाव्यात. आकडा १.०२० वर अडला असेल तर बादली उबेत न्यावी, अलगद हलवावी आणि थांबावे. घनता ०.००१ ने उतरली की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा वायू तयार होतो. म्हणजे १.०२० वर भरलेली बाटली १.०१२ ला पोहोचेपर्यंत आकारमानाच्या चौपट वायू होणार. नेहमीच्या एलमध्ये तो सगळा मिळून सुमारे अडीचपट असतो. काच तरी किती सोसणार?

हा हिशेब चिरंजीवाला अवघड नाही, म्हणून तर राग आला. याच वयात मामाने घरात पगार हवा म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राची एम.एस्सी. अर्ध्यात सोडून बँक धरली. सकाळी प्रयोगशाळेत जाऊन रात्रीत वाढलेल्या वसाहती मोजायची ओढ इतक्या वर्षांनीही गेलेली नाही. भाचा परदेशात स्वतःच्या हाताने यीस्ट सांभाळतो हे पहिल्यांदा कळले, तेव्हा मामाला फार आनंद झाला होता. ताईला मात्र हे त्याने सांगितलेले नाही.

बाटल्या भरताना वायूसाठी १९ लिटरला साधी साखर ११५ ग्रॅमच्या आसपास, काट्यावर तोलून. ती थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये अलगद मिसळावी. बाटलीगणिक चमच्याने घालू नये, एखादीत दुप्पट पडते. बाटल्या जाड तपकिरी काचेच्या, पिळून उघडायच्या झाकणाच्या नकोत. एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची भरावी: ती रोज दाबून बघता येते, आणि दगडासारखी कडक झाली की काचेच्या सगळ्या बाटल्या त्याच दिवशी फ्रिजमध्ये न्याव्यात. तोवर झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात दोन आठवडे ठेवाव्यात. कपड्यांच्या कपाटात नकोत.

आकड्यांबद्दल शंका आली तर दोन दिवस थांबावे, आणि एकट्याने थांबवत नसेल तर फोन करावा. हिवाळ्यात तिथे रात्रीचे अकरा म्हणजे इथे दुपारचे साडेबारा. मामा निवृत्त आहे, त्या वेळी घरीच असतो. हाताला काच लागली असेल तर ताईपासून लपवले तरी चालेल, पण मामाला जखमेचा फोटो आजच पाठवावा.