कण्याची रचना, वंश आणि कंबरदुखी

कंबरदुखी हा जगातील सर्वाधिक लोकांना असमर्थ करणारा विकार आहे. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना हा त्रास होता आणि २०५० पर्यंत ही संख्या सुमारे ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभार अभ्यासात वर्तविण्यात आला आहे. शेतमजूर, हमाल, बांधकामावरील स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ दुखण्याचा राहत नाही; तो रोजगार बुडण्याचा प्रश्न होतो. अशा वेळी एक शंका नेहमी उपस्थित केली जाते. सर्व मानवसमूहांचा कणा सारखाच असतो काय? काही वंशांचा कणा मुळातच अधिक झिजणारा आणि काहींचा अधिक काटक असतो काय? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राइतकेच आरोग्यनियोजनाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

कमरेच्या सांध्यांची रचना

कमरेच्या भागात साधारणपणे पाच मणके असतात. कोणत्याही दोन मणक्यांमध्ये तीन ठिकाणी जोड असतो. पुढच्या बाजूस मऊ गाभ्याची चकती असते आणि मागच्या बाजूस डावीकडे व उजवीकडे एकेक लहान सांधा असतो. या लहान सांध्यांना ‘फॅसेट’ सांधे म्हणतात. चकती भार पेलते, तर फॅसेट सांधे हालचालींना मर्यादा घालतात. कण्याला पुढेमागे वाकू द्यावे, परंतु जादा पीळ बसू देऊ नये आणि वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरू देऊ नये, हे त्यांचे कार्य होय.

या सांध्यांची दिशा सर्वत्र एकसारखी नसते. कमरेच्या वरच्या भागात त्यांची पातळी जवळजवळ पुढून मागे जाणारी असते. खाली येताना ती वळत जाते आणि शेवटचा मणका जेथे त्रिकास्थीला जोडला जातो तेथे ती बरीचशी आडवी, म्हणजे पाठीच्या पृष्ठभागाला समांतर होते. आडवा सांधा अडसरासारखा काम करतो. पुढून मागे जाणारा सांधा मात्र मणक्याला पुढे सरकण्यास वाट देतो. चौथा व पाचवा मणका यांच्यामधील जोड हा या स्थित्यंतराच्या ठिकाणी येतो. वयोमानाने चकतीची उंची कमी झाली, अस्थिबंध सैल पडले आणि सांध्यांची झीज झाली की येथेच मणका सरकण्याचा संभव सर्वाधिक असतो. झिजेमुळे होणाऱ्या या विकारास ‘डिजनरेटिव्ह स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ असे नाव आहे. त्यात मज्जानलिका अरुंद होऊन चेतामुळांवर दाब येतो आणि थोडे चालताच पाय जड होऊन बसावेसे वाटते.

सांध्याची दिशा किती महत्त्वाची आहे, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासावरून दिसून येते. ज्यांच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील दोन्ही सांध्यांचा आडव्या पातळीशी होणारा कोन ४५ अंशांहून अधिक होता, त्यांच्यात हा विकार असण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत २५ पट आढळली. हा कोन जन्मजात असतो की झिजेमुळे सांधा पुढे तसा घडत जातो, यावर मात्र तज्ज्ञांत मतभेद आहेत.

समूहासमूहांतील फरक

मानवसमूहांत या बाबतीत फरक आढळतात, हे निर्विवाद आहे. १९५१ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४,२०० सांगाड्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. मणक्याच्या मागील कमानीत फट असण्याचे प्रमाण श्वेतवर्णीय पुरुषांत ६.४ टक्के, कृष्णवर्णीय पुरुषांत २.८ टक्के, श्वेतवर्णीय स्त्रियांत २.३ टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत १.१ टक्के आढळले. उलट, झिजेमुळे मणका सरकण्याचा विकार कृष्णवर्णीय स्त्रियांत अधिक असल्याचे १९७५ मध्ये रोझेनबर्ग यांनी नोंदविले. पुढे ६५ वर्षांवरील अमेरिकी स्त्रियांच्या क्ष-किरण पाहणीतही मणका पुढे सरकण्याचे प्रमाण श्वेतवर्णीयांपेक्षा आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत सुमारे दुप्पट दिसून आले.

ही दोन निरीक्षणे एकत्र ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. एकाच समूहात एका विकाराचे प्रमाण कमी, तर दुसऱ्याचे अधिक आहे. म्हणून एखाद्या वंशाचा कणा ‘बळकट’ किंवा ‘दुबळा’ ठरविण्यास शास्त्रीय आधार उरत नाही.

आकड्यांची तुलना करतानाही सावधगिरी आवश्यक आहे. कोपनहेगन येथील पाहणीत मणका सरकण्याचे प्रमाण पुरुषांत २.७ टक्के व स्त्रियांत ८.४ टक्के होते. हाँगकाँग येथील ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीत ते पुरुषांत १९.१ आणि स्त्रियांत २५ टक्के आढळले. यावरून चिनी लोकांत हा विकार अनेक पटींनी अधिक आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हाँगकाँगच्या पाहणीत केवळ वृद्ध होते, तर कोपनहेगनच्या पाहणीत तुलनेने कमी वयाच्या व्यक्तीही होत्या. वय आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. दोन्हीकडे समान असलेली बाब म्हणजे स्त्रियांमधील अधिक प्रमाण.

अनुवंश की परिस्थिती?

फरक दिसला म्हणजे त्याचे कारण रक्तातच आहे, असे नव्हे. अलास्कातील काही मूलनिवासी समूहांत मणक्याच्या कमानीतील फट चौथ्या हिश्श्याहून अधिक सांगाड्यांत आढळली होती. प्रथमदर्शनी हा जन्मजात दोष वाटला. तथापि टी. डी. स्ट्यूअर्ट यांनी १९५३ मध्ये वयानुसार मांडणी केली, तेव्हा हे प्रमाण वयाबरोबर वाढत जाते असे आढळले. म्हणजेच अनुवंशिक प्रवृत्ती असली, तरी वारंवार पडणाऱ्या ताणाचा त्यात वाटा होता.

दुसरीकडे अनुवंशाचे महत्त्वही नाकारता येत नाही. फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या पुरुषांच्या ११५ जोड्यांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. भावाभावांची कामे वेगवेगळी असूनही त्यांच्या चकत्यांची झीज बरीच सारखी होती. जनुकांच्या पातळीवरही समूहांत फरक दिसतात. चकतीतील एका प्रथिनाच्या जनुकाचे ‘ट्रिप-२’ हे रूप फिनलंडमध्ये अगदी थोड्या रुग्णांत सापडले होते. दक्षिण चीनमधील लोकांत ते सुमारे २० टक्के व्यक्तींत आढळले.

परंतु एका समूहातील व्यक्तींमध्ये अनुवंश प्रभावी आहे, एवढ्यावरून दोन समूहांतील फरक अनुवंशिक ठरत नाही. एकाच शेतातील दोन ताटांच्या उंचीतील तफावत बियाण्यामुळे असू शकते. दोन गावांच्या शेतांमधील तफावत मात्र पाण्यामुळेही असू शकते.

भारतातील दोन उदाहरणे

भारतात हे अक्षरशः पाण्याच्या बाबतीत घडले. तत्कालीन मद्रास इलाख्यातून १९३७ मध्ये अस्थींच्या फ्लोरोसिसची नोंद झाली. पुढे नलगोंडा जिल्हा याच कारणाने ओळखला गेला. भूजलातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे अस्थिबंधांचे हाड बनते, कणा ताठरतो, वाकतो आणि मज्जानलिका अरुंद होते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात वाकलेल्या पाठी दिसल्या, तर तो वांशिक दोष वाटणे शक्य आहे; प्रत्यक्षात दोष विहिरीचा होता. त्यावरील उपायही पाण्याचाच होता. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा पद्धत’ विकसित केली. केंद्र सरकारने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

याच्या नेमके उलट उदाहरण कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याचे आहे. सागर तालुक्यातील हंडिगोडू गावाच्या नावाने ओळखला जाणारा विकार १९७० च्या दशकाच्या मध्यास प्रकाशात आला. त्यात खुब्याचे सांधे आणि काही रुग्णांत कणाही विकृत होतो. बाधित कुटुंबे गरीब, दलित शेतमजुरांची असल्याने प्रथम भातखाचरांतील कीटकनाशके व तेथील खेकडे यांवर संशय घेतला गेला. पुढील संशोधनातून तो अनुवंशिक विकार असल्याचे निष्पन्न झाले. एका ठिकाणी कारण पाण्यात होते, दुसऱ्या ठिकाणी जनुकात. तपासापूर्वी निष्कर्ष काढला असता, तर दोन्ही ठिकाणी उपाययोजना चुकली असती.

प्रतिमा आणि वेदना

आणखी एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एमआरआयमध्ये दिसणारी झीज म्हणजे वेदना नव्हे. कोणताही त्रास नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या प्रतिमांचे एकत्रित विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार चकतीची झीज विशीतील व्यक्तींपैकी ३७ टक्के, तर ऐंशीतील व्यक्तींपैकी ९६ टक्के लोकांत होती. म्हणून केवळ प्रतिमेतील फरकावरून एखाद्या समूहाला अधिक वेदना होत असतील, असे मानता येत नाही. तसेच ‘हे लोक ओझ्याला सरावलेले असतात’ असे म्हणून कोणाच्या वेदनेकडे दुर्लक्षही करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णशिक्षण, व्यायाम, काही शारीरिक उपचारपद्धती आणि मानसिक आधार यांवर भर देण्यात आला आहे.

भारतासाठी बोध

या विवेचनातून भारतासाठी तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट मोजमापांची. कण्याच्या शस्त्रक्रियेत मणक्याच्या पुढील भागाला मागील कमानीशी जोडणाऱ्या हाडाच्या खुंटातून स्क्रू बसवितात. स्क्रू प्रमाणाबाहेर जाड असल्यास हाडाची भिंत फुटून शेजारच्या चेतामुळाला इजा पोहोचू शकते. २००० नंतरच्या दशकात भारतीय संशोधकांनी केलेल्या मोजणीत हे खुंट पाश्चात्त्य सरासरीपेक्षा लहान असल्याचे आढळले. येथे समूहाची सरासरी उपयुक्त ठरते, कारण त्यावरून उपकरणांचे योग्य आकार उपलब्ध करता येतात. तरीही अंतिम निर्णय समोरच्या रुग्णाच्या मोजमापावरच व्हावयास हवा. शिवाय ‘भारतीय सरासरी’ हीही एकच नाही. लडाख, नागालँड, पंजाब आणि केरळ येथील शरीरयष्टी भिन्न असल्याने प्रदेशवार नोंदी आवश्यक आहेत.

दुसरी गोष्ट श्रमाची. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३४ ने इजा होण्याचा संभव असेल इतके ओझे कोणालाही उचलावयास लावू नये, असे तत्त्व घालून दिले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. मात्र सिमेंटची वा धान्याची ५० किलोची गोणी वाहणारा बहुतांश मजूर आजही असंघटित क्षेत्रातच आहे. फिनलंडमधील जुळ्यांच्या कामावरून त्याच्या ओझ्याचा परिणाम नगण्य ठरविता येणार नाही.

तिसरी गोष्ट प्राथमिक सेवेची. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात आणि गावपातळीवरील आरोग्य केंद्रांत व्यायामोपचाराची सोय वाढली, तर अनेकांना महागड्या तपासण्या टाळता येतील. पन्नाशीपुढील स्त्रियांकडे विशेष लक्ष देणे गरजेचे आहे, कारण वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत हाच निष्कर्ष पुनःपुन्हा आढळला आहे.

मानवसमूहांच्या कण्यांत फरक आहेत. ते मोजले पाहिजेत आणि त्यांचा उपयोगही केला पाहिजे. परंतु वंश हा तपासाचा आरंभबिंदू आहे, निदान नव्हे. रुग्णाच्या कंबरेत कळ का येते, याचे उत्तर त्याच्या सांध्याची दिशा, त्याचे वय, त्याने वाहिलेले ओझे आणि तो पीत असलेले पाणी या सर्वांत मिळून शोधावे लागते.