अहिराणी बोली

चैत्र महिन्यात वणी परिसरातील सप्तशृंगगडावर खानदेशातून हजारो यात्रेकरू पायी येतात. त्यांचे बोलणे ऐकून नवखा माणूस गोंधळतो, कारण ते मराठीसारखे वाटते आणि गुजरातीसारखेही. ही अहिराणी बोली होय. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांत तसेच नाशिक जिल्ह्यातील कळवण, बागलाण, मालेगाव या भागांत ती बोलली जाते.

'अहिराणी' हे नाव पशुपालक 'आभीर' लोकांवरून पडले, असे मानतात. पुढे आभीरांचे राज्यही झाले. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील, शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी तेली व इतर कारागिरांच्या संघांकडे ठेव ठेवल्याची नोंद त्यात आहे.

खानदेश गुजरातच्या सीमेला लागून आहे. बऱ्हाणपूर-सुरत हा जुना व्यापारी मार्गही येथूनच जात असे. साहजिकच भाषांची सरमिसळ झाली. अहिराणीत 'आहे' या अर्थी 'शे' म्हणतात. गुजरातीतील 'छे' त्याच्या जवळचा. 'माझा' म्हणजे 'मना', 'तुझा' म्हणजे 'तुना'. असे बोलणे ऐकून शहरातील मुले कधी कधी हसतात. हे हसणे अडाणीपणाचे आहे.

भूमध्य समुद्रातील माल्टा बेटाची भाषा अशीच घडली. तिचे मूळ अरबी, पण शेजारच्या सिसिली बेटामुळे तिच्यात इटालियन शब्द भरले. तेथे स्वागताचा शब्द 'मर्हबा' अरबी आहे, तर आभाराचा 'ग्रात्सी' इटालियन. एके काळी तिला स्वयंपाकघरातील भाषा म्हणून हिणवीत. तीच १९३४ साली राजभाषा झाली व २००४ पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत गणली जाते.

अहिराणीचे चित्र मात्र वेगळे आहे. जनगणनेत ती 'खानदेशी' या नावाखाली मोजली जाते. २००१ साली हे भाषिक सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली सुमारे १८ लाख ६० हजार उरले. हसण्याच्या भीतीने शाळेत बोली टाकलेली मुले पुढे घरीही ती बोलेनाशी होतात.

खानदेशात जाणाऱ्याने थोडी वाक्ये अवश्य शिकावी. वडीलधाऱ्यांस 'तुमनं नाव काय शे?' असे विचारावे. 'कशा शेतस?' म्हणजे 'कसे आहात?' तहान लागल्यास 'माले पानी द्या' म्हणावे. वाट चुकल्यास 'हाऊ रस्ता गडवर जास का?' असे विचारावे. कोणी 'आठे या' म्हटले, तर ते आपणांस जवळ बोलावीत आहेत असे समजावे. गावागणिक उच्चार थोडे पालटतात.