रक्ताबरोबर लोहही चढतं

'अंगात रक्त कमी आहे' असं कळलं की वस्तीत सल्ले सुरू होतात: गूळ-शेंगदाणे द्या, लोहाचं टॉनिक आणा. बहुतेक घरांत ते बरोबरच असतं. पण थॅलेसेमिया मेजर असलेल्या लेकराला हेच टॉनिक घातक ठरतं.

सोलापुरात वस्तीत फिरताना आम्हाला एक आई भेटली. मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं, तरी तो फिका दिसतो म्हणून ती वर टॉनिकही पाजत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोह शरीर पुन्हा वापरतं. जेवणातून रोज १ ते २ मिलिग्रॅम लोह आत येतं, जवळपास तेवढंच बाहेर पडतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाट नाही. रक्ताच्या एका पिशवीतून मात्र २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं. हे मोकळं लोह तांबड्या पेशींचं आवरण खराब करतं, हाडाच्या मगजात नव्या पेशी नीट बनू देत नाही आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दुबळं करतं. यकृत आणि हृदयातही ते साठत जातं.

मग काय करायचं?

• रक्त देणं थांबवू नका. लोहाची गोळी, टॉनिक मात्र देऊ नका.
• दर तीन महिन्यांनी 'फेरिटिन' तपासा. आकडा १००० च्या वर गेला, किंवा १०-२० पिशव्या झाल्या, की लोह बाहेर काढणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. सुरू झालेलं औषध मनाने सोडू नका.
• ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.
• २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकल सेल दोन्ही आहेत. प्रमाणपत्र काढा.

गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी करा. विदर्भात आपल्या समाजात सिकल सेल बराच आढळतो. तिकडे सोयरीक जुळवताना तीही तपासणी करा. दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिका नको, रक्त तपासा.

आणि गरोदर मायबहिणींनो, हे वाचून तुमच्या लोहाच्या गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांनी दिल्या असतील तर त्या तुमच्यासाठीच आहेत.