काळी आणि पांढरी : जमीन घेण्यापूर्वीं काय पाहावें

आपल्या इकडील जुने लोक गांवच्या जमिनीचे दोन भाग मानीत. ज्या उंचवट्यावर वस्ती असे ती पांढरी, आणि जींत नांगर चाले ती काळी. घर पांढरीवर बांधावें व काळींत पेरावें, हा क्रम ते सहसा मोडीत नसत. अलीकडे खामगांव, चिखली, मलकापूर हीं गांवें वाढलीं, आणि कालपर्यंत जेथें कपाशी उभी होती तेथें आज दगड रोवून प्लॉट पाडलेले दिसतात. घेणारा रस्ता पाहतो, भाव पाहतो, सातबारा पाहतो. माती पाहण्याचें त्याच्या मनांतही येत नाहीं. आमच्याही आलें नव्हतें, हें आधींच कबूल केलेलें बरें.

आम्हीं प्लॉट पाहिला तो फाल्गुनांत. जमीन सपाट, कोरडी व दगडासारखी कठीण होती. भेगा होत्या, पण त्या उन्हाच्या असें समजून आम्हीं इसार दिला. गवंड्यानें कंबरभर पाया खणून भिंती उभ्या केल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत तिरपी चीर गेली. उन्हाळ्यांत ती बोट शिरेल एवढी रुंदावे, आणि श्रावणांत जवळजवळ मिटे. प्रॉव्हिडंट फंडांतून काढलेले पैसे कोठें गेले, हें ती भिंत आम्हांस रोज सांगत असे. प्रभूच्या दृष्टांतांतील मूर्ख मनुष्यानें घर वाळूवर बांधलें. आमच्या वाट्यास वाळूऐवजीं काळी आली, एवढाच भेद.

याचें कारण मातीच्या घडणींत आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्या काळ्या खडकाची झीज होऊन जी चिकण माती बनली, तिच्यांत माँटमोरिलोनाइट जातीचे अति सूक्ष्म कण विपुल असतात. ते पाणी शोषून फुगतात व सुकले कीं आकसतात. घराखालील माती झांकलेली राहते, बाहेरची भिजते व वाळते. त्यामुळें घर एका अंगास उचललें जातें, दुसऱ्या अंगास बसतें, आणि भिंत फाटते. ही हालचाल कित्येक ठिकाणीं साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-बारा फूट खोलपर्यंत पोहोंचते. मग कंबरभर पाया काय करणार? पाया मुरमाला टेकला पाहिजे. मुरूम फारच खोल असल्यास तळाशीं फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवितात. ही पद्धत रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें विकसित केली. शिवाय भिंतीपाशीं पाणी साचूं देऊं नये, व मोठें झाड भिंतीलगत लावूं नये.

आपल्या जिल्ह्यांत घाटावर व घाटाखालीं असे दोन मुलूख आहेत. घाटावर बुलढाणा-मेहकरकडे पुष्कळ ठिकाणीं मुरूम हाताशीं लागतो. घराला तें सोयीचें, परंतु तेथें बागेला माती बाहेरून आणावी लागते. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत काळी खोल आहे, आणि शेगांव, संग्रामपूर व जळगांव जामोद तालुक्यांतील पुष्कळ गांवें खारपाण पट्ट्यांत येतात. वरून माती तशीच काळीभोर दिसते; दोष आहे तो विहिरीच्या पाण्यांत. तें पाणी वर्षानुवर्षें दिलें म्हणजे त्यांतील सोडियममुळें माती चोपण होते, पाणी मुरत नाहीं, मुळांना हवा मिळत नाहीं. तेथें बाग लावणाऱ्यानें आधीं शेजारच्या विहिरीचें पाणी वैशाखांत चाखून पाहावें. संत्र्याचें झाड तर नुसत्या निचऱ्याच्या अभावींही डिंक्या रोगानें जातें, मग पाणी गोड कां असेना.

मुलांनीं सुटींत एक प्रयोग करावा. दोन शेतांतील सुकीं ढेकळें पावसाच्या पाण्यानें भरलेल्या दोन पेल्यांत अलगद सोडावीं, व पाणी न हालवितां संध्याकाळपर्यंत ठेवावें. एक ढेकूळ नुसतें विरघळून तळाशीं बसेल. दुसऱ्याभोंवतीं पाणी दुधासारखें गढूळ झालें तर ती माती चोपण असण्याचा संभव आहे. नंतर शेतांतील पांच-सहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना जळगांव जामोदच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावा. जिप्सम किती टाकावें हें परीक्षेवांचून ठरवूं नये. एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी : शेतीसाठीं केलेली मातीची परीक्षा घराच्या पायाच्या कामीं येत नाहीं. त्यासाठीं इंजिनियराकडून निराळी तपासणी करवावी लागते, व तिचा खर्च घराच्या खर्चापुढें अल्प असतो.

आणि खड्डा खणण्याआधीं जवळपासची विहीर अगर नाल्याची दरड पाहावी; तेथें जमिनीचे थर फुकट दिसतात. आमच्या प्लॉटाच्या कोपऱ्यापलीकडे एक जुनी कच्ची विहीर आहे. तिच्या कांठाशीं उभें राहिलें कीं बारा फुटांपर्यंत काळी, आणि मग मुरूम, असें स्पष्ट दिसतें. ती आम्हांस भिंत फाटल्यावर दाखविली, तीही आमच्याच वर्गांतील एका शेतकऱ्याच्या मुलानें.