एका मोठ्या संख्येची परीक्षा

४,२९,४९,६७,२९७. वाचतांना चारशें एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लक्ष, सदुसष्ट हजार, दोनशें सत्त्याण्णव. ही संख्या मूळ आहे काय? म्हणजे १ व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याही संख्येनें तिला निःशेष भाग जात नाहीं, असें खात्रीनें म्हणतां येईल काय?

तिची कुळकथा अशी. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, त्याचा २५६, पुढें ६५,५३६ व मग ४,२९,४९,६७,२९६. यांत प्रत्येकीं १ मिळवावा. आरंभींच्या २ मध्येंही मिळवावा. म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि आपली ही संख्या अशी मालिका होते. पैकीं पहिल्या पांच मूळ आहेत. फ्रान्समधील तुलूझ शहरीं न्यायाधिकारी असलेला पिअर द फर्मा केवळ आवडीनें गणिताचा व्यासंग करी. ह्या मालिकेंतील झाडून साऱ्या संख्या मूळच असाव्या, असें त्यानें इ. स. १६४० मध्यें पत्रानें कळविलें. सिद्धता मात्र त्याजपाशीं नव्हती.

पडताळा पाहणें सोपें नव्हे. वर्गमूळाच्या आंतील सर्व मूळ संख्यांनीं भागून पाहावें लागतें, आणि ६५,५३६ च्या आंत त्या ६,५४२ आहेत! पाटीपेन्सिल घेऊन बसणाऱ्यास किती दिवस लागतील, याचा अदमास वाचकांनींच करावा.

१७३२ सालीं लिओनार्ड ऑयलर यानें दाखविलें कीं, हिला ६४१ नें भाग जातो. पुढें त्यानेंच असा नियम सिद्ध केला कीं, हिला भाग जाणारी कोणतीही मूळ संख्या ६४ नें भागिली असतां बाकी १ च उरते. तेव्हां ६,५४२ भागाकारांचें कारण नाहीं. १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच क्रमानें पाहाव्या. पांचव्या भागाकारास काम होतें, व भागाकार ६७,००,४१७ येतो. मौज ही कीं, हा नियम ज्या सिद्धांतावरून निघतो तो खुद्द फर्माचाच!

भागाकार न करतांही हें सिद्ध होतें. ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६; म्हणून १६ = ६४१ − ६२५. आतां ४,२९,४९,६७,२९६ म्हणजे १६ गुणिले १२८ चा चौथा घात. येथें १६ च्या जागीं ६४१ − ६२५ ठेवा. ६२५ हा ५ चा चौथा घात, आणि ५ × १२८ = ६४०; म्हणून ती संख्या ६४१ ची एक पट वजा ६४० चा चौथा घात इतकी होते. तींत १ मिळविला कीं, ६४१ ची पट वजा (६४० चा चौथा घात − १) असें रूप येतें. कंसांतील राशीचे अवयव वर्गांच्या वजाबाकीच्या रीतीनें पाडा: (६४०चा वर्ग + १), (६४० + १) व (६४० − १). मधला अवयव ६४१ च आहे. बीजगणिताचें हें सूत्र परीक्षेपुरतें पाठ करणाऱ्यांनीं येथें क्षणभर थांबावें.

मालिकेंतील पुढची संख्या वीस अंकी आहे. तिलाही २,७४,१७७ नें भाग जातो, हें लांद्री नांवाच्या फ्रेंच गणितज्ञानें १८८० सालीं शोधून काढलें. ६५,५३७ च्या पुढें ह्या मालिकेंत एकही मूळ संख्या आजपर्यंत कोणास सांपडलेली नाहीं. आणि तशी ती नाहींच, हेंही अद्याप कोणी सिद्ध केलेलें नाहीं.