उत्तरानंतरची सहा वर्षं

मागच्या महिन्यात एक आई माझ्याकडे आली. मुलगा सातवीत. सुट्टीत त्याला नेतृत्वगुणांच्या शिबिराला घालू का, असं विचारत होती. मग जरा थांबून हळूच म्हणाली, "की ते रक्तातच असावं लागतं? आमच्या घरात तसं कुणीच नाही हो."

तिच्या त्या शेवटच्या वाक्यातली हळहळ माझ्या मनातून जाईना. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

आपण बडोद्याची माणसं. या प्रश्नासाठी आपल्याला लांब जायला नको. काळ्या घोड्यावर बसलेले सयाजीराव महाराज आपण रोज येता-जाता बघतो. त्यांची एक गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घरात मुलांना सांगितली जाते. गादीला वारस हवा म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून गायकवाडांच्या भाऊबंदांची मुलं आणली. "तुम्ही इथे कशाला आलात?" असं त्यांना विचारलं. आणि बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." झालं, महाराणी जमनाबाईंनी त्यालाच दत्तक घेतलं, आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

गोष्ट गोड आहे. मीही वर्गात कितीतरी वेळा सांगितली. पण ती ऐकताना पालकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मी पाहिलं आहे. आपलं मूल असं चटकन उत्तर देईल का, हा विचार. आणि तिथेच आपण चुकतो, कारण गोष्ट आपण उत्तरापाशीच संपवतो.

दत्तकविधान झालं २७ मे १८७५ ला. राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले २८ डिसेंबर १८८१ ला. मधली साडेसहा वर्षं कुणी सांगत नाही. मला त्या वर्षांविषयीच बोलायचं आहे.

आधी रक्ताचा मुद्दा. गोपाळच्या आधी गादीवर मल्हारराव होते. राजघराण्यातच वाढलेले. गैरकारभाराचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्यांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केलं. त्यांच्या जागी आला शेतीवाडीत वाढलेला मुलगा, ज्याला तोवर धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. दोघंही गायकवाडच. रक्त पुरेसं असतं, तर ही अदलाबदल करायची वेळच आली नसती.

म्हणून जन्माचा काहीच वाटा नाही, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत मिनेसोटात जुळ्या भावांचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरी-व्यवसायात कोण पुढारपणाच्या जागांवर पोचलं, हे त्यात पाहिलं होतं. माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला सुमारे ३० टक्के जन्मजात गुणांशी जोडता आला. याचा अर्थ तुमच्या लेकरातलं तीस टक्के तुम्ही दिलंत आणि सत्तर टक्के शिबिरवाले देतील, असा नाही. तो आकडा अनेकांमधल्या फरकाचा आहे, एका मुलाचा नाही. पण त्या आईला मी एवढं नक्की सांगितलं, की "घरात तसं कुणी नाही" म्हणून वाट बंद होत नाही.

आता ती साडेसहा वर्षं. दिवाण होते सर टी. माधवराव. कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर आणि इंदूरचा कारभार पाहून आलेले. १८७५ च्या अखेरीला शिक्षक म्हणून आले फ्रेडरिक इलियट. मुलाला एकट्याला सिंहासनावर बसवून धडे दिले नाहीत, सोबत भाऊबंदांची आणि सरदारांची मुलं होती. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, हिशेब, इतिहास, शिवाय घोडदौड आणि तालीम. ज्या वयात आपल्या मुलांचं अर्धं शिक्षण झालेलं असतं, त्या वयात त्यानं मुळाक्षरं गिरवायला घेतली. वर्गात मागे पडायची लाज काय असते, ते त्याला माहीत असणारच. मला वाटतं, पुढे त्यांना शाळेबद्दल जी कळकळ वाटली, तिची मुळं तिथे आहेत. हे माझं मत, पण मी ते मनापासून मानते.

शेवटच्या टप्प्यात तर आणखी वेगळं घडलं. अधिकार हाती देण्याआधी एकेका खात्याच्या प्रमुखानं त्या तरुणाला आपापल्या खात्याचं काम समजावून सांगितलं. महसुलाचं काझी शहाबुद्दीन यांनी, राज्यकारभाराचं खुद्द माधवरावांनी. माधवरावांची ती व्याख्यानं पुढे पुस्तकरूपानं छापली गेली. विचार करा, ज्याच्यापुढे सगळ्यांनी वाकायचं, तो अठराव्या वर्षी आपल्याच नोकरांसमोर विद्यार्थी म्हणून बसला. सारा कसा बसतो, कैद्याला काय खायला मिळतं, रस्त्याला खर्च किती, हे ऐकत बसला.

आपण मुलांना बोलायला शिकवतो. माइक धरायला, डोळ्यांत डोळे घालून बोलायला. चांगलंच आहे ते. पण बडोद्यानं आपला राजा घडवला तो आधी ऐकायला बसवून.

आणि ऐकण्याची ती सवय आयुष्यभर टिकली. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं उदाहरण घ्या. महाराजांच्या मनात आलं आणि एका हुकमानं राज्यभर लागू झालं, असं नव्हतं. १८९३ मध्ये आधी फक्त अमरेली भागात, मोजक्या गावांत करून पाहिलं. अडचणी बघितल्या. राज्यभर झालं १९०६ मध्ये. तेरा वर्षं! ग्रंथालयांचंही तसंच. परदेशात वाचनालयं पाहिली, मग १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावलं. आपल्याला येत नाही ते येणाऱ्याला विचारायचं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांना नेता ना, तेव्हा पुस्तक घेऊन देण्याआधी हे सांगा त्यांना.

पण मला तुमच्याशी याहून अवघड बोलायचं आहे.

याच महाराजांनी आणखी एका मुलाला हात दिला. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बडोदा सरकारची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१३ मध्ये त्याच सरकारनं त्यांना न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शाळेत ज्या मुलाला स्वतःचं गोणपाट घेऊन वेगळं बसावं लागलं होतं, त्याच्यातलं तेज कुणीतरी ओळखलं होतं. १९१७ मध्ये ते करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात आले. इतके शिकून आलेले, महाराजांनी बोलावलेले. तरी या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं, आणि जात कळल्यावर तिथूनही बाहेर काढलं. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. सराईतून काढलं त्या दिवशी कमाटी बागेतल्या झाडाखाली बसून त्यांना रडू कोसळलं. आज ती जागा आपण संकल्पभूमी म्हणून ओळखतो.

मी मुलांना तिथे घेऊन जाते. दरवेळी माझा आवाज जड होतो. कारण ते शहर आपलंच होतं, आणि दार लावून घेणारी माणसं आपल्यासारखीच साधी, घरदार असलेली होती. महाराजांनी निवड केली, पैसा दिला, पण शेजाऱ्याचं दार त्यांना उघडता आलं नाही. बाबासाहेबांचं नेतृत्व अपमानातून जन्मलं असं कुणी म्हणतं, तेव्हा मला ते पटत नाही. अपमान लाखोंच्या वाट्याला आला. त्यांच्याजवळ त्याबरोबर वडिलांनी लावलेली अभ्यासाची शिस्त होती, पुस्तकं होती, आणि वेळेवर मिळालेली ती शिष्यवृत्ती होती. मग ज्यांना ती मिळाली नाही, त्यांच्यातलं काय काय विझून गेलं असेल? नेतृत्व जन्मजात की शिकवलेलं, हा वाद घालताना कुणाला शिकवलंच गेलं नाही, ही गोष्ट आपल्या ध्यानातही येत नाही.

ही चूक मीही केली आहे. शिक्षिका म्हणून पंधरा-सोळा वर्षं मी वर्गाचा मॉनिटर निवडला तो खणखणीत आवाजाचा, हात पहिला वर करणारा. मागच्या बाकावरच्या एका मुलीकडे वर्षभर माझं लक्ष गेलं नाही. सहलीला दोन मुलं वाट चुकली, तेव्हा कुणी शेवटचं त्यांना कुठे पाहिलं हे एकेकाला शांतपणे विचारत तिनंच ती शोधून काढली. मॉनिटर तेव्हा रडत होता. मी त्याला दोष देत नाही. त्याला पुढे उभं राहायला आम्ही शिकवलं होतं, मागे राहिलेल्यांना मोजायला नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. शिबिराला घालायचं तर घाला, पण घरातलं एक खरं काम मुलाच्या हाती द्या. खरं म्हणजे, त्यानं केलं नाही तर अडेल असं. आजोबांच्या गोळ्या, किराण्याची यादी, गॅसचा नंबर लावणं. गल्लीच्या गणपतीत त्याला वर्गणीच्या वहीवर बसवा, आणि हिशेब दहा रुपयांनी चुकला तर तुम्ही खिशातून भरून टाकू नका. तो शोधू द्या त्याला. आपल्याला राहवत नाही, हे मला ठाऊक आहे. मूल अडलं की आपला हात आपोआप पुढे होतो. माधवरावांनाही तो आवरावा लागला असेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते तुम्ही विसरला नसाल. आमच्या इमारतीत तळमजला बुडाला, वीज गेली, खाली उतरायची सोय नाही. मोठी माणसं फोनवर, गॅलरीत, एकमेकांवर ओरडत. चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा, नववीतला, एरवी जिन्यात भेटला तर मान खाली घालणारा, वही घेऊन दारोदार फिरला. कुणाकडे इन्सुलिन आहे, कुणाच्या घरी लहान बाळ, प्यायचं पाणी किती हंडे. सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी होडी आली, तेव्हा पहिल्यांदा कुणाला उतरवायचं हे त्याच्या वहीत आधीच होतं. मोठ्यांनी ती वही हातात घेतली आणि त्याप्रमाणेच केलं.

नंतर मी त्याच्या आईला विचारलं, हे याला कुठून सुचलं? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "त्याच्या आजीच्या औषधांची वही तो चौथीपासून ठेवतो ना. मला ड्युटी असते, वेळ होत नाही."